डबीवर नाव नाही, आणि छातीत धडधड

(पत्राचा गोषवारा. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

इंदूरच्या राजेंद्रनगरमधून एका ४२ वर्षांच्या शिक्षिकेनं लिहिलंय. घरी नवरा, दोन मुलं, सासूबाई. उंची ५ फूट १ इंच, वजन सध्या ७४ किलो. थायरॉईडची गोळी ६ वर्षांपासून चालू. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आत्तेसासूबाई चारचौघींसमोर म्हणाल्या, "अगं बाई, किती सुटलीस! ओळखूच आली नाहीस." वैशाखात ग्वाल्हेरला नणंदेच्या मुलाची मुंज आहे, आणि मामी म्हणून सगळ्यांसमोर वावरायचंय. महेश्वरी साडीवरच्या ब्लाउजच्या आतल्या दोन्ही शिवणी उसवूनही हुक लागेना. तेव्हा भिशीतल्या मैत्रिणीनं ‘हर्बल’ कॅप्सूलची डबी आणून दिली, महिन्याचे २८०० रुपये. ५ आठवड्यांत ६ किलो उतरले. भूक लागत नाही. पण तोंडाला सतत कोरड असते, रात्री २-३ वाजेपर्यंत झोप येत नाही, पोट साफ होत नाही. गेल्या आठवड्यात शाळेचा जिना चढताना छातीत एवढी धडधड झाली की कठडा धरून उभं राहावं लागलं. घरात कुणालाच सांगितलेलं नाही. डबीत ११ कॅप्सूल उरल्या आहेत. त्या विचारतात : "हर्बलच आहे, तर मुंजीपर्यंत घेतलं तर चालेल का? एक दिवसाआड घेऊ? की ती नवीन इंजेक्शनं घ्यावीत? माझा खाण्यावर ताबाच नाही, नुसत्या डाएटनं माझं काही होणार नाही. तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या, आणि औषधांच्या दुकानात आयुष्य गेलेल्या, म्हणून तुम्हालाच विचारते."

आईच्या वयाची म्हणालीस, तेव्हा तुला ‘तू’च म्हणते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी तुला चार ओळींचा निरोप पाठवलाय. तोच इथं परत लिहिते, कारण हे सदर वाचणाऱ्या आणखी कुणाच्या कपाटात अशीच डबी असणार. कॅप्सूल आजपासून बंद. मुंजीपर्यंत नको, एक दिवसाआड नको, पैसे दिलेत म्हणून उरलेल्या संपवणंही नको. शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाक आणि फिजिशियनकडे जा. बीपी, नाडी, ईसीजी बघून घे. रक्तातलं पोटॅशियम, लिव्हरच्या तपासण्या आणि टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करायचं का, हे त्यांना विचार. डबी पर्समध्ये घालून ने आणि त्यांच्या टेबलावर ठेव. लाज वाटेल, तरी ठेव. धडधडीबरोबर छातीत दुखलं, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा एका बाजूच्या हातापायातला जोर गेल्यासारखं वाटलं, तर उजाडायची वाट न बघता इंदूरच्या सरकारी एमवाय हॉस्पिटलच्या नाहीतर जवळच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं. थायरॉईडची गोळी मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही.

आता सावकाश बोलू.

तू डबीचे फोटो पाठवलेस. पांढरी प्लास्टिकची डबी, हिरवं पान, त्याखाली सोनेरी अक्षरांत ‘शंभर टक्के नॅचरल, नो साइड इफेक्ट’. ३४ वर्षं मी काउंटरमागे उभी राहिले. नवीन माल आला की आमचा हात आपोआप खोका उलटा करतो. घटक कोणते, किती मिलिग्रॅम, बॅच नंबर, कधी बनवलं, कधीपर्यंत चालेल, कुणी बनवलं, लायसन्स नंबर काय. तुझ्या डबीच्या मागच्या फोटोत मी हे सगळं शोधलं. घटकांच्या जागी ‘दुर्मिळ जडीबुटींचं मिश्रण’ आणि खाली एक मोबाईल नंबर, बस. अगं, आयुर्वेदिक औषधावरसुद्धा घटक छापावे लागतात, त्यालाही उत्पादनाचा परवाना लागतो. माझी आजी सोनामुखी, हिरडा, बाळंतशेपा सगळं घरात ठेवायची, पण प्रत्येक पुडीवर काय आहे ते तिच्या अक्षरात लिहिलेलं असायचं. नाव नसलेल्या डबीला आयुर्वेद म्हणणं हा आयुर्वेदाचाही अपमान आहे.

त्या कॅप्सूलमध्ये काय आहे हे मी इथं बसून सांगू शकत नाही, ते प्रयोगशाळेचं काम. पण भूक मेली, तोंड कोरडं, झोप उडाली, पोट साफ नाही, नाडी पळते, ही सगळी लक्षणं एका दमात वाचली आणि मला एक नाव आठवलं : सिब्युट्रामिन.

हे वजन कमी करायचं रीतसर औषध होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मी स्वतः ते विकलंय. मेंदूतली काही रसायनं वाढवून ते भूक दाबायचं. पण तीच रसायनं हृदयालाही टाच मारतात, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. पुढे हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या सुमारे दहा हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला, आणि हे औषध घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक आणि पक्षाघात जास्त दिसले. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ते गेलं, २०११ च्या फेब्रुवारीत आपल्याकडे बंदी आली. त्या दिवशी शेल्फवरच्या पट्ट्या काढून परत पाठवायच्या खोक्यात भरताना माझ्या डोळ्यांसमोर गिऱ्हाइकांचे चेहरे येत होते. त्यातली एक तुझ्याच वयाची, तुझ्यासारखीच शिक्षिका. दर महिन्याला हसत यायची, "काकू, अजून दीड किलो!" म्हणायची. तिला काही झालं नाही, पण झालं नाही हे माझं नशीब.

दुकानातून गेलेलं हे औषध ‘हर्बल’ नावाच्या डब्यांमध्ये मात्र शिल्लक राहिलं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी वर्षानुवर्षं अशा ‘नैसर्गिक’ स्लिमिंग कॅप्सूल तपासल्या आणि सिब्युट्रामिन सापडल्याचे इशारे पुन्हा पुन्हा दिले. काहींमध्ये जुलाबाची औषधं सापडली, काहींमध्ये मानसिक आजाराच्या गोळ्या. जडीबुटीनं चार दिवसांत भूक मरत नाही; चार दिवसांत भूक मेली, तर आत काय आहे याची शंका घ्यावी. आणि घरात कुणी नैराश्याच्या गोळ्या घेत असेल, तर त्यांच्यासाठी हा खेळ आणखी वाईट, कारण दोन्ही औषधं मेंदूतल्या एकाच रसायनाला वाढवत नेतात आणि माणूस अत्यवस्थ होऊ शकतो.

खरोखर वनस्पतीचीच कॅप्सूल असली तरी निर्धास्त राहू नये. आपण कोकमाचं सार पितो, त्याच कोकमाची एक चुलत बहीण दक्षिणेत मिळते, गार्सिनिया कंबोजिया. तिची आंबट साल मासळीच्या कालवणात घालतात, त्यानं कुणाचं बिघडत नाही. पण तिचा अर्क काढून, दाट करून, दिवसाला चार-सहा कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला गंभीर इजा झालेली आहे. ग्रीन टीचंही तसंच. कपभर चहा ठीक. अर्काच्या गोळ्यांतून त्यातला मुख्य घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅमच्या पुढे गेला की यकृताला त्रास होऊ शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलंय. सोनामुखी रोज घेतली की पाणी आणि पोटॅशियम जातं. काट्यावर किलोभर कमी दिसतं, चरबी जागच्या जागी.

आमच्या पिढीनं वजनाच्या औषधांची बरीच मिरवणूक पाहिली. त्याआधी १९३३ च्या सुमारास अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल आलं. शरीराची भट्टी पेटवून वजन उतरवायचं. माणसं तापानं गेली, तरुण बायकांना मोतीबिंदू झाले, आणि १९३८ पर्यंत ते गेलं. फेनफ्लुरामिन १९९७ मध्ये हृदयाच्या झडपा बिघडवतं म्हणून गेलं. रिमोनाबँट युरोपात २००६ ला आलं आणि नैराश्य, आत्महत्येचे विचार यांमुळे २००८ ला थांबवलं. लोर्कासेरिन २०२० मध्ये कॅन्सरच्या शंकेनं काढून घेतलं. यातली शेवटची तिन्ही औषधं सरकारनं तपासून, परवानगी देऊन बाजारात आली होती, म्हणून तर त्यांचा धोका नोंदला गेला, मोजला गेला, आणि ती मागे घेता आली. तुझ्या डबीला उद्या कुणी मागे घ्यायचं म्हटलं तर घेणार कुठून? तिला नावच नाही.

आता ते ६ किलो. पत्रात सगळ्यात आनंदानं तू तेच लिहिलंयस, आणि तो आनंद मला समजतो. पण तू असंही लिहिलंस की दुपारी ३ पर्यंत नुसत्या चहावर असतेस, रात्री दोन घास. शरीराला असं उपाशी ठेवलं की ते चरबीबरोबर पाणी सोडतं आणि स्नायूही मोडून खातं. काटा यातलं काहीच वेगळं दाखवत नाही. झपाट्यानं वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. आणि केस. उपासमारीनंतर केस लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी मुठीनं गळतात. महिने मोजलेस तर ते वैशाखातच येतात.

कॅप्सूल बंद केलीस की भूक परत येईल, जोरात येईल. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दोनेक किलो परत दिसतील, कदाचित जास्त. थोडं मरगळल्यासारखं, उदास वाटू शकतं. हे आधीच सांगते, कारण नेमक्या याच टप्प्यावर बायका दुसरी डबी मागवतात. तसं झालं तर काट्यावर उभी राहू नकोस, मला लिही.

"माझा खाण्यावर ताबाच नाही." हे वाक्य मी दोनदा वाचलं. पहाटे साडेपाचला उठून चौघांचे डबे भरणारी, चाळीस-पंचेचाळीस मुलांचा वर्ग आवाज न चढवता सांभाळणारी बाई असं म्हणते, तेव्हा मला वाटतं की हे तिचं स्वतःचं मत नाही, कुणीतरी तिच्या मनात घातलेलं आहे. कॅप्सूलच्या आधीचा तुझा दिवस तूच लिहून पाठवलास : सकाळी चहा आणि दोन टोस, १ वाजता डब्यातल्या दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, ४ ला घरी आल्यावर चहाबरोबर शेव, "हात थांबतच नाही", रात्री ९ नंतर मुलांच्या ताटातलं उरलेलं. गुरुवार आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी. रविवारी पोहे-जिलबी. हे वाचून मला खादाड बाई दिसत नाही. दुपारी १ पर्यंत जिच्या पोटात जवळजवळ काही नाही आणि दिवसभरात जिच्या ताटात डाळ, दही, उसळ नावालाही नाही, अशी बाई दिसते. ४ वाजता तिचा हात शेवेच्या डब्याकडे जातो, तेव्हा शरीर आपलं राहिलेलं वसूल करत असतं. साबुदाण्यात जवळजवळ सगळा स्टार्चच, प्रथिनं नावाला. उपवासाच्या दिवशी संध्याकाळी तुला जास्त भूक लागते असं लिहिलंस, ती याचमुळे.

थायरॉईडचंही बघू या. शेवटचं टीएसएच कधी केलंस ते लिहिलेलं नाहीस. गोळी सहा वर्षांपूर्वीच्याच डोसवर चालू असेल, तर आधी ते तपासायला हवं. शिवाय ती कशी घेतेस? माझ्या काउंटरवर निम्म्या बायका सांगायच्या, "सकाळच्या चहाबरोबर." ही गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर निदान अर्ध्या-एक तासानं. कॅल्शियमची, लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. थायरॉईड ताळ्यावर आलं म्हणून पंधरा किलो उतरणार नाहीत, पण अंगावरची सूज, सुस्ती कमी होते आणि चालायला पाय उचलतात. आणि एक सांगून ठेवते : वजन उतरावं म्हणून थायरॉईडची गोळी मनानं वाढवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यानंही धडधड होते, हृदयाची लय बिघडते, हाडं ठिसूळ होतात.

तू शेवटी इंजेक्शनांबद्दल विचारलंस. सरसकट वाईट म्हणून मी ती उडवून लावणार नाही. तुझ्या उंचीला ७४ किलो म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३१ च्या जवळ. आपल्या भारतीय शरीरांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनातच गाठतात. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात. म्हणजे आत्तेसासूबाई उद्धटपणे बोलल्या हे खरं, आणि तुझ्या वजनाकडे डॉक्टरांनी नीट बघायला हवं हेही खरं. औषध घेणं यात कमीपणा नाही. गाठ घालायची ती औषधाशी, डबीशी नाही.

रीतसर औषधांत जुनं म्हणजे ऑर्लिस्टॅट. ते भुकेला हात लावत नाही. आतड्यात चरबी पचवणारं एन्झाइम अडवतं, त्यामुळे जेवणातली सुमारे ३० टक्के चरबी न पचता बाहेर जाते. बाहेर जाते म्हणजे शब्दशः. एका गिऱ्हाइकाला मी हे नीट समजावलं नाही. तिनं गोळी घेऊन रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत तुपातलं खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्टाफरूममध्ये तिच्यावर जी वेळ आली ती सांगताना माझ्यासमोर रडली. तेलकट शौच, घाईची लागणं, कपड्यांना डाग. ‘अ’, ‘ड’, ‘ई’ आणि ‘के’ ही जीवनसत्त्वंही चरबीबरोबर निसटतात, म्हणून त्यांची गोळी रात्री वेगळी घ्यावी लागते. तुझ्या थायरॉईडच्या गोळीत आणि ऑर्लिस्टॅटमध्ये निदान चार तासांचं अंतर लागतं. आणि एवढं करून फायदा? पथ्य पाळून वर्षभरात जेवढं उतरलं असतं त्याच्यापेक्षा साधारण दोन-तीन किलो जास्त. कुणाला ते पुरतं, कुणाला नाही.

इंजेक्शनं म्हणजे सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड, आठवड्यातून एक. टिर्झेपेटाइड २०२५ च्या मार्चमध्ये भारतात आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. ही खरोखर जोरदार औषधं आहेत. सेमाग्लुटाइडच्या मुख्य अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. पण तीन गोष्टी लक्षात घे. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता बऱ्याच जणांना होते, पित्ताचे खडे आणि स्वादुपिंडाला सूज थोड्यांना. घरात एका विशिष्ट प्रकारच्या थायरॉईडच्या कॅन्सरचा, मेड्युलरीचा, इतिहास असेल तर घेता येत नाहीत. तुझा साधा हायपोथायरॉईडिझम ही वेगळी गोष्ट, तरी डॉक्टरांना सांगायचंच. दुसरं, डोस हळूहळू वाढवत न्यावा लागतो, त्याला महिने लागतात. मुंजीसाठी घ्यायचं हे औषध नव्हे. तिसरं, इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं, असं त्याच अभ्यासात दिसलं. म्हणजे हा बीपीच्या गोळीसारखा लांबचा संसार आहे, आणि टिर्झेपेटाइड आलं तेव्हा महिन्याचा खर्च १४ हजारांच्या आसपास होता. झेपेल का, किती वर्षं झेपेल, हे नवऱ्याबरोबर बसून ठरवायचं. तपासण्या झाल्यावर, एन्डोक्रायनॉलॉजिस्टनं, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांनी, ‘घे’ म्हटलं, तर घे. पार्लरमधून, जिममधून किंवा ‘ओळखीनं’ मिळतंय म्हणून नको. वाचणाऱ्यांपैकी कुणाला बाळ हवं असेल, तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवावं लागतं, आणि टिर्झेपेटाइडच्या सुरुवातीला गर्भनिरोधक गोळी कमी पडू शकते. हे काउंटरवर फारसं कुणी सांगत नाही.

मग तोवर काय? तुझ्या घरात उद्यापासून जमेल तेवढंच सांगते. सकाळी सहाच्या चहाबरोबर टोस ठेवायचाय तर एक ठेव, पण निघण्यापूर्वी मुगाची दोन धिरडी नाहीतर वाटीभर मटकीची उसळ पोटात जाऊ दे. इंदूरला राहून उसळ-पोहे खायला कुणी अडवलंय? उसळ जास्त, पोहे मूठभर, वर जीरावन मसाला आणि कांदा, शेव चिमूटभर. डब्यात बटाट्याच्या जागी हरभऱ्याची, चवळीची भाजी आणि छोट्या डबीत दही. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात, तेव्हा दिवसातून एक वाटी पुरत नाही, दोन-तीन जेवणांत विभागून लागतात. शेवेचा डबा वरच्या फळीवर गेला तरी फार फरक पडत नाही, कारण स्टूल घरातच असतं. त्यापेक्षा ४ वाजता आधी भाजलेले चणे किंवा ताक घे, मग शेवेकडे बघ. मुलांच्या ताटातलं उरलेलं सरळ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेव. अन्न टाकवत नाही ही आपल्या आयांची शिकवण, मीही ती सोडलेली नाही, पण आपलं पोट म्हणजे उरल्यासुरल्याचा डबा नव्हे. गुरुवारचा उपवास करायचाच असेल तर राजगिरा, दही, शेंगदाणे, फळं. देवाची हरकत नसते.

चालणं, ईसीजी नीट आला आणि डॉक्टर हो म्हणाले की मगच. आठवड्याला १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा तास. आणि दोन दिवस स्नायूंचं काहीतरी, खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं. चाळिशीनंतर स्नायू राखणं हे काट्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं मला. झोप आली की भूकही शहाणी होते. कॅप्सूल सुटली की ती येईलच.

मुंजीपर्यंत तुला दोन-अडीच महिने आहेत. या पद्धतीनं ७४ वरून ७०-७१ ला पोचलीस तरी पाच टक्के झाले, आणि पाच टक्क्यांनीसुद्धा साखर आणि रक्तदाब सुधारायला लागतात. फोटोत कदाचित फरक दिसणार नाही. म्हणून दुसरं काम : क्लॉथ मार्केटात जा, महेश्वरीच्या काठाशी जुळणारं कापड घे आणि आजच्या मापाचा ब्लाउज शिवून घे. उसवायला शिवण उरली नाही म्हणून हृदय पणाला लावायचं नसतं गं. आत्तेसासूबाई मुंजीत परत काही म्हणाल्या, तर "हो, डॉक्टरांकडे चालू आहे" एवढं म्हणून पंगतीत वाढायला पुढे हो.

नवऱ्याला आज सांग. ओरडतील अशी भीती वाटते, लिहिलंयस. पैसे २८०० गेले म्हणून ओरडले तर ओरडू देत. पण रात्री तुला काही झालं, तर तू काय घेत होतीस हे डॉक्टरांना सांगणारं घरात कुणीतरी हवं. सगळं एका दमात सांगवत नसेल, तर डबी त्यांच्या हातात दे आणि जिन्यावर काय झालं तेवढंच सांग.

मैत्रिणीचा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो. तीही घेतेय आणि आणखी तिघींना देतेय. भिशीत सगळ्यांसमोर तिला काही बोलू नकोस. ती बचावाला उभी राहील आणि बाकीच्या तिच्या बाजूनं. तिला एकटीला चहाला बोलाव, तुझा ईसीजी आणि रिपोर्ट दाखव आणि बीपी मोजलंस का, एवढंच विचार. तिनं वाईट हेतूनं दिलं नाही, तिचंही वजन कमी झालंय आणि तिचा त्यावर विश्वास आहे. बीपीचा आकडा ती स्वतः बघेल तेव्हाच ऐकेल. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार नोंदवायला सरकारचा टोल फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४. तुझ्या डॉक्टरांनाही नोंदवता येईल. लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं हा १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे माझ्या दुकानात येणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांनाही माहीत नसायचं.

हे सदर वाचणाऱ्या मुलींनो, ज्यांचं वजन मुळात ठीक आहे आणि आरशात मात्र जास्त दिसतं, त्यांच्यासाठी यातली एकही गोळी नाही, रीतसर असो की बिनरीतसर. जेवून बाथरूममध्ये उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या लपवून ठेवणं, दिवसभर कॅलरी मोजत बसणं चालू असेल, तर आधी आईला किंवा मोठ्या बहिणीला सांगा आणि मनोविकारतज्ज्ञांकडे चला. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्यांनी, बीपी, हृदय किंवा लिव्हरचा त्रास असणाऱ्यांनी ‘हर्बल’ शब्द वाचून हात पुढे करू नये. आणि दुकानातून पावडर, कॅप्सूल घेताना डबी उलटी करा. अन्न परवान्याचा नंबर म्हणजे औषधाचा परवाना नव्हे. अशा पूरक आहाराच्या डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापलेलंच असतं, अक्षर बारीक असतं, चष्मा लावून वाचा.

तुझ्या ११ कॅप्सूल फेकू नकोस, सिंकमध्येही ओतू नकोस. डबीला रबरबँड लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेव आणि डॉक्टरांकडे घेऊन जा; तपासायला पाठवायची झाली तर त्याच लागतील. ईसीजी काय आला ते संध्याकाळपर्यंत कळव. मी वाट बघते.